दोन बटणं

“बाई, तुमची ती संत लुसियाची मूर्ती चकणी आहे,” फादर दारातूनच म्हणाले, आणि डोळेबाईचा ब्रश संत रोकच्या मूर्तीतल्या कुत्र्याच्या डोळ्यावरून घसरून गालावर गेला. वाटाण्याएवढा काळा डाग पडला. कुत्र्याचं त्यात काही बिघडत नाही, कुत्र्याला गालावर डाग शोभून दिसतो. पण डोळेबाईने वर बघितलं नाही. हल्ली लांबच्या माणसाकडे बघायचं तिच्या जिवावर यायचं. दिवस कलायला लागला की दारात उभा राहिलेला माणूस हळूच आपल्यातून आणखी एक माणूस बाहेर काढायचा, अगदी तसाच, तेच कपडे, तेच हसू, आणि मग बोलायचं कुणाशी, हे आधी ठरवावं लागायचं. “चकणी म्हणजे कशी?” तिने कुत्र्यालाच विचारलं. “म्हणजे एक डोळा समोर बघतो आणि दुसरा खांबाकडे,” फादर म्हणाले. “मी संतांच्या धैर्याबद्दल बोलतोय आणि पोरं फिदीफिदी हसताहेत.” आता इथे एखादी शहाणी बाई म्हणाली असती, आणते उद्या रंग, करते सरळ. पण डोळेबाईची जीभ तिच्या आधी जन्माला आली होती असं तिची आईच म्हणायची. “मी दिली तेव्हा सरळ बघत होती हो फादर,” ती म्हणाली. “तुमच्याकडे येऊन तिला काहीतरी दिसलं असणार. त्या खांबाआड बसतं कोण?” फादर पोट धरून हसले. त्यांच्याबरोबर चर्चचा घंटावाला आला होता, हातात टोपी घेऊन उभा राहणारा, बायको गेल्यापासून कामापुरतंच बोलणारा. तो हसला नाही. “खांबाआड मी बसतो,” तो म्हणाला.

ते गेल्यावर डोळेबाई बराच वेळ कुत्र्याच्या गालावरचा डाग चिंधीने पुसत राहिली. तो आधीच पुसला गेला होता. मूर्तींच्या त्या कारखान्यात तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. मालक साचे ओततो, दोघं जण हातपाय जोडतात, एक जण कपडे रंगवतो, आणि डोळे तिचे. सगळ्यात शेवटी डोळे. त्याची एक रीत होती, मालकाच्या वडिलांनी घालून दिलेली. चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, तितक्या अंतरावर आणि तितक्या उंचीवर दोऱ्याने एक बटण टांगायचं, थोरल्या मालकांच्या जुन्या कोटाचं, तपकिरी, दुधाच्या बशीतल्या माशीसारखं लांबून उठून दिसणारं. मूर्तीच्या दोन्ही बुबुळांनी त्या बटणाकडे बघायचं. तसं झालं की पुढे जो कोण येऊन गुडघे टेकेल त्याला वाटतं, ही माझ्याकडेच बघतेय. डोळे भरून होईपर्यंत मूर्ती आणि बटण यांच्या मधून कुणी जायचं नाही, शिंकायचंसुद्धा बाहेर जाऊन. आणि या शांततेची भरपाई म्हणून की काय, डोळे भरून झाले की डोळेबाईचं तोंड सुटायचं. संत डेनिसचं डोकं उडवलं आणि तो ते हातात घेऊन चालत गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. डोळेबाईच्या गोष्टीत तो वाटेत टोपी घ्यायला थांबायचा, आणि दुकानदार विचारायचा, घालणार कुठे? संत लॉरेन्सला निखाऱ्यावर भाजताना तो म्हणाला, ही बाजू झाली, आता उलटा करा. डोळेबाईचा लॉरेन्स वर मीठही मागायचा. दात उपटून छळलेल्या संत अपोलोनियाच्या चिमट्यात जो दात आहे तो मालकाच्या सासूचा, असं तिने एका भाविक गिऱ्हाइकाला शपथेवर सांगितलं होतं आणि त्या बाईने दातालाच नमस्कार केला होता. थापा खऱ्या, पण त्यात दुष्टावा नव्हता. संत एवढे उंच ओट्यावर उभे असतात, त्यांना जरा खाली उतरवलं तर बसतील दोन घटका आपल्यात, एवढंच तिला वाटायचं.

संत रोकसाठी मालकाने बटण टांगून ठेवलं होतं. ती हात पुसून उठली, मूर्तीशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने बघितलं. दोन बटणं होती. शेजारीशेजारी, दोन दोऱ्यांवर, एकाच वाऱ्याने हलत होती. तिला लुसियाचे डोळे रंगवले तो दिवस आठवला. त्या दिवशीही दोनच होती. तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं की चर्च रुंद असेल, मालकाने मुद्दाम दोन लावली असतील, एक या बाजूच्या लोकांसाठी आणि एक त्या बाजूच्या. इतकी वर्षं कुणी दोन लावली नव्हती. मालक तिथेच, हाकेच्या अंतरावर, साच्याला तेल लावत बसला होता. विचारायला काय झालं होतं? पण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, दोन? आणि तिच्याकडे वळून बघितलं असतं. म्हणून तिने न विचारता एक डोळा एका बटणाला दिला आणि दुसरा दुसऱ्याला, अगदी मन लावून, आणि ताटली हातात घेतलेल्या त्या पोरीला तसंच गुंडाळून पाठवून दिलं. लुसिया आपले काढलेले डोळे ताटलीत घेऊन उभी असते, ते ताटलीतले डोळे मात्र सरळ होते. ते तिने मांडीवर घेऊन, नाकाशी धरून रंगवले होते. चेहऱ्यावरचे वाकडे आणि ताटलीतले सरळ, असली संतीण जगात दुसरी नसेल, असं मनात येऊन तिला हसू फुटलं. तिने डावा डोळा मिटला. बटण एक झालं. उघडला, दोन. मिटला, एक. म्हणजे जमेल की, तिला वाटलं, एक डोळा मिटून करत राहू, लोक म्हणतील म्हातारी डोळा मारून काम करते. आणि लगेच तिला आधीची डोळेबाई दिसली, जिच्या हाताखाली ती शिकली ती. तिचा हात थरथरायला लागला तेव्हा कुणी तिला घालवलं नाही, फक्त घासायला बसवलं. कोपऱ्यात बसून पॉलिश पेपरने संतांची पावलं घासायची, दिवसभर. उडालेल्या धुळीने डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन जायची. दुपारी लोक आपले डबे तिच्या शेजारी ठेवायचे, मूर्तीच्या शेजारी ठेवावेत तसे, तिला न विचारता.

रविवारी धाकटी आली. धाकटी म्हणजे डोळेबाईची सख्खी बहीण, शिंप्याच्या दुकानात कपडे उसवून बारीक-मोठे करून देणारी, आणि अख्ख्या जगात डोळेबाईची प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेणारी एकमेव व्यक्ती. लहानपणी डोळेबाई तिच्या बाहुलीचा बूट लपवायची आणि सांगायची, कर संत अंतोनीची प्रार्थना, हरवलेलं तोच शोधून देतो. धाकटी डोळे मिटून मनापासून प्रार्थना करायची, आणि बूट कधी उशीखाली निघायचा, कधी साखरेच्या डब्यात. धाकटीला काचबिंदू होता. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं होतं की या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची, आणि ती राखतात हे थेंब, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. धाकटी आल्या आल्या चपला न काढताच बोलायला लागली.

“ताई, तुझ्या कानावर आलं का नाही? लुसियाने नजर वळवली!”

“कुणी सांगितलं?”

“घंटावाल्याने. तो खोटं बोलणाऱ्यातला आहे का? म्हणाला, मूर्ती आली तेव्हा सरळ होती, जिने डोळे काढले तिनेच सांगितलं. म्हणजे तू! बायको गेल्यापासून तो त्या खांबाआड बसतो, तर ती त्याच्याकडे वळली. रांग लागलीये गं. आणि तू इथे भाजी निवडत बसलीयस.”

“थेंब घातलेस का आज?”

“ठेवून आले.”

“कुठे ठेवून आलीस?”

“तिच्या पायाशी. बाटलीच ठेवली. म्हटलं, माझे डोळे आता तू बघ.” धाकटी हसली, तिचा पुढचा तुटका दात दिसला, आणि डोळेबाईला ती लहानपणची, बाहुली घेतलेली दिसली.

“अगं, थेंबही घालत जा की. तिला काय राग येणार आहे?”

“वा! तूच ना सांगायचीस, तो संत क्रिस्तोफर खांद्यावर बाळ घेऊन नदीत शिरला आणि मधोमध त्याने काठीने पाणी मोजायला घेतलं असतं तर तिथेच बुडाला असता?”

असं डोळेबाईने सांगितलं होतं खरं. कुठल्या पुस्तकात तसं नव्हतं. धाकटीला पोहायला शिकवताना तिने ते जागच्या जागी रचलं होतं. आता तोंड उघडायचं आणि म्हणायचं, वेडे, ती वळलीबिळली नाही, मीच वाकडी काढली. एवढंच. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य यायला उभं होतं, का वाकडी काढली, आणि त्याच्या मागे तिसरं, आणि त्या सगळ्यांच्या शेवटी कोपऱ्यात पॉलिश पेपर घेऊन बसलेली पांढरी बाई. डोळेबाईने भाजीचं एक पान उचललं, उलटसुलट केलं, आणि म्हणाली, “चहा घेतेस?” धाकटी जाताना दाराच्या चौकटीला खांद्याने धडकली. तशी ती नेहमीच धांदरट. पण डोळेबाई दारापाशी उभी राहून, एक डोळा मिटून, तिला जिना उतरताना बघत राहिली, शेवटच्या पायरीपर्यंत.

पुढचा आठवडा तिने कसा काढला तिचं तिला ठाऊक. काम करताना डावा डोळा मिटायचा आणि कुणी बघितलं तर चोळायचा, धूळ गेली म्हणायचं. मालक म्हणाला, “डोळेबाई, तुम्ही तर एकदम गाजलात! लोक तुमचं नाव विचारत येताहेत.” तिला वाटलं हा ओळखून बोलतोय. तो ओळखून बोलत नव्हता, खूश होता. हातात कुठलाही संत घेतला की त्याची गोष्ट आठवायची, आणि आता तिला त्या गोष्टींत एक भोक दिसायला लागलं होतं. लुसियाने डोळे दिले, असं सांगतात. काही म्हणतात छळणाऱ्यांनी काढले, काही म्हणतात तिनेच काढून ताटलीत ठेवले आणि त्या डोळ्यांवर भाळून मागे लागलेल्या एका पोराकडे पाठवले, घे, आवडले होते ना. मग देवाने तिला त्याहून सुंदर डोळे दिले. पण त्या सकाळचं काय? त्या सकाळी ती उठली असेल, तिने केस विंचरले असतील, खिडकी बघितली असेल, आईचे हात बघितले असतील, पाण्याच्या भांड्यात पडलेला उजेड बघितला असेल, सगळं एकेकदा, पाठ करून ठेवावं तसं. घाम फुटला नसेल का तिला? पळून जावंसं वाटलं नसेल? ती सकाळ कुणी सांगतच नाही. फादर व्यासपीठावरून सांगतात, संत घाबरले नाहीत, तुम्ही घाबरू नका. आणि ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर वाटतं, मी तर घाबरतो, म्हणजे माझा विश्वास खोटा. ती सकाळ कुणी कापून टाकली? डोळेबाईच्या मनात आलं, माझ्यासारख्याच कुणीतरी, ज्याला गोष्ट रंगवायची घाई होती. आणि तिला त्या अनोळखी माणसाचा इतका राग आला की तिने ब्रश आपटला, आणि मग तिला कळलं की राग त्याचा नव्हता.

फादरनीच शेवटी बोलावणं पाठवलं, आणि शनिवारी दुपारी ती रंगाची पेटी घेऊन चर्चमध्ये गेली. ते पायरीवर वाट बघत होते, पोट धरून हसणारे फादर ते नव्हेत. “बाई, मला आनंद होतोय का भीती वाटतेय तेच समजत नाही,” ते म्हणाले. “आजच्या माणसाला संतांकडून काय घ्यायचं, म्हणून मी दर रविवारी घसा कोरडा करत होतो आणि पुढचे बाक जांभया देत होते. आता बाक भरलेत, आणि ऐकत कुणी नाही. सगळे तिच्या डोळ्यांकडे बघतात. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते खरं होतं?” डोळेबाई म्हणाली, “आत जाऊ या.” आत गार होतं, मेणाचा वास होता, बाकांवर माणसं होती, सगळी तिच्या ओळखीची नव्हती, पण धाकटी होती, अगदी पुढे, डोक्यावरून पदर घेऊन. घंटावाला त्याच्या खांबाआड होता, नुसता गुडघा दिसत होता. आणि ओट्यावर ती, डोळेबाईची पोर, ताटली पुढे धरून, एक डोळा इथे, एक तिथे. तिच्या पायाशी मेणबत्त्यांच्या मधोमध चष्मे ठेवलेले होते, एक पांढरी काठी होती, आणि धाकटीची थेंबांची बाटली, मेणाचे ओघळ लागलेली.

पेटीतून ब्रश काढायचा, डावा डोळा मिटायचा, आणि घटकाभरात पोर सरळ. कुणाला काही सांगायला नको. डोळेबाई इथपर्यंत हेच ठरवून आली होती. आता ओट्यासमोर उभं राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं की तिने असं केलं, तर उद्या हीच माणसं म्हणतील, लुसियाने पुन्हा नजर वळवली, काम झालं आणि सरळ झाली. दुसरा चमत्कार. पहिल्यापेक्षा मोठा. धाकटी तर ती बाटली कधीच उचलणार नाही. काहीही केलं तरी थाप वाढणारच होती. तिने आयुष्यात सांगितलेल्या सगळ्या गोष्टी अशाच होत्या, एकदा दारातून बाहेर पडल्या की तिच्या हाकेला ओ देत नसत, पण कधी हाक मारावीशीच वाटली नव्हती. तिने लुसियाकडे बघितलं. कुठल्याही डोळ्याने बघितलं तरी पोर तिच्याकडे बघत नव्हती.

तिने पेटी उघडली, दोरा काढला, त्याला कारखान्यातून आणलेलं ते तपकिरी बटण बांधलं आणि दोरा उंच मेणबत्तीच्या दांड्याला अडकवला. फादर बघत राहिले. “धाकटे, जरा इकडे ये,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज त्या उंच छताखाली तिला स्वतःलाच परका वाटला. “लुसियाशेजारी उभी राहा. तिथून बघ. बटणं किती?”

“म्हणजे काय? एक.”

“नीट बघ.”

“ताई, एकच आहे. खेळ आहे का हा?”

“मला दोन दिसतात,” डोळेबाई म्हणाली. “बरेच दिवस झाले. तिला डोळे काढले तेव्हाही दोन दिसत होती. एक डोळा एकाला दिला, एक दुसऱ्याला. ती वळली नाही. कुणाकडेही नाही. मी सांगितलं ते थट्टेत सांगितलं, आणि नंतर गप्प बसले कारण माझं काम जाईल म्हणून मला भीती वाटली. अजून वाटतेय.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. फादर हळूच बाकावर बसले. खांबाआडून घंटावाला बाहेर आला, टोपी दोन्ही हातांत धरून. “म्हणजे माझ्याकडे बघत नव्हती,” तो म्हणाला. “बटणाकडे बघत होती हो भाऊ,” डोळेबाई म्हणाली, आणि तिला वाटलं इतकं वाईट वाक्य आपण जन्मात बोललो नसू. मग त्याने मान हलवली, आणि खांबाआड न जाता तिथेच, सगळ्यांना दिसेल अशा बाकाच्या टोकाला टेकला.

धाकटी मात्र हललीच नव्हती. ती बहिणीच्या तोंडाकडे बघत होती, डोकं जरासं वळवून, कडेची नजर गेलेली माणसं बघतात तसं. “अंतोनीचं मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“काय ठाऊक होतं?”

“बूट आधी तुझ्या खिशात असायचा, मग उशीखाली.”

“मग एवढी डोळे मिटून प्रार्थना का करायचीस?”

“तुला ऐकू जावी म्हणून. तू अशी दगडासारखी बसायचीस, पण शेवटी द्यायचीस.” तिचा तुटका दात दिसला, पण ते हसू नव्हतं. “हे मात्र मला खरं वाटलं होतं, ताई.”

डोळेबाईला वाटलं, आता धाकटी निघून जाईल, त्या दाराच्या चौकटीला धडकेल, आणि आपण हाक मारू शकणार नाही. धाकटी वाकली. तिने मेणबत्त्यांच्या मधून बाटली उचलली, नखाने मेण खरवडलं, झाकण पदराच्या टोकाला पुसून उघडलं. मग ती पहिल्या बाकावर बसली, मान मागे टाकली आणि बाटली बहिणीपुढे धरली.

“घाल.”

“मी? वेडी आहेस का? मला तुझे चार डोळे दिसताहेत.”

“मला घरी घालता येत नाही नीट, हात वर धरला की भरून येतो. सोमवारी माझ्याबरोबर चल, त्याच डॉक्टरांकडे. तुझंही दाखवू. आता घाल.”

डोळेबाईने बाटली घेतली. दोन चेहरे, चार डोळे, सगळे उघडे, सगळे ओले, सगळे तिच्याकडेच बघणारे. थेंब सुटला आणि धाकटीच्या गालावर पडला.

“परत,” धाकटी म्हणाली, आणि तिने बहिणीचं मनगट धरलं.

डोळेबाईने सगळ्यांच्या देखत डावा डोळा मिटला.